नेनेबाईंची नखं

मी कर्जतच्या कन्याशाळेत रुजू झाले त्या दिवशी नेनेबाईंचं तोंड मला दिसलंच नाही. आधी दिसली ती नखं. मस्टरवर सही करायला वाकले होते, तर समोरून एक हात आला, दौत माझ्याकडे सरकवली आणि मागे गेला. फिकट पातळाचा पदर, मनगटात एकुलती एक पाटली, आणि बोटांच्या टोकांना लालभडक रंग! दचकून वर पाहिलं, तर कपाळ कोरं आणि गळा मोकळा. अगं बाई गं! मी माझा रकाना सोडून थेट हेडगुरुजींच्या रकान्यात सही ठोकली. नोकरीचा पहिलाच दिवस आणि मस्टरवर खाडाखोड.

"पांगारा आहे हा," त्या शांतपणे म्हणाल्या. "भिसेगावच्या फाटकाशी कालच फुललाय. तू तिकडूनच येतेस ना? बघितला नाहीस?"

मी भिसेगावातच जन्मले, तिथेच वाढले. पांगाऱ्याकडे कशाला बघतेय मी! मला नोकरीची पडली होती. पण "नाही बघितला" म्हणताना उगाचच चोरी पकडल्यासारखं झालं.

आता ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना वाटेल, यात एवढं काय! सत्तर साल उजाडायचं होतं तेव्हा. आमच्या गावात चांगल्या सवाष्ण बायकासुद्धा नखं रंगवत नव्हत्या. ती रंगवायची सिनेमातल्या बायांनी, नाहीतर मुंबईहून लग्नाला आलेल्या कुणाच्या तरी भाचीनं, आणि तिच्याही पाठीमागे कुजबूज व्हायचीच. आणि इथे ही नेनेबाई, बाजारपेठेतल्या जुन्या ब्राह्मण घरातली सून, चोविसाव्या वर्षी नवरा गेलेला, पदरात एक मुलगी. ती दुसरीच्या पोरींना फळ्यावर बाराखडी लिहून देताना खडूबरोबर पाच लाल नखं फिरवते! पहिला आठवडाभर मला त्यांच्याशी धड बोलताच येईना. तोंडाकडे बघून बोलायचं ठरवलं तरी नजर हातावरच उतरायची.

पंधरा दिवसांनी रंग बदलला. नारिंगी. मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनीच सांगितलं, "पळस."

त्यांचा नेम असा की झाडावर जे फूल असेल त्याचाच रंग नखांवर. माघात काटेसावर, मग पांगारा, पळस, उन्हाळ्यात बहावा आणि तामण. पावसाच्या तोंडावर मोगरा, म्हणजे पांढराच, पण त्यातही जराशी पिवळट झाक हवी, नाहीतर तो मोगरा नव्हे, खडू झाला, असं म्हणायच्या. श्रावणात तेरडा, भाद्रपदात सोनकी, दसऱ्याला झेंडू, थंडीत कोरांटी. फूल स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय रंग लावायचा नाही आणि फूल सरलं की रंग ठेवायचा नाही. मोळ्या घेऊन उतरणाऱ्या ठाकरणींना रस्त्यात अडवून विचारायच्या, "पळस फुटला का गं?" त्याही उभ्या राहून उत्तर द्यायच्या, "खालापुराकडं फुटलाय, हितं नाय अजून." मग त्या तेवढ्यासाठी चार दिवस थांबायच्या.

पौषात काही फुलत नाही, म्हणून मी एकदा खवचटपणे विचारलं, "आता काय लावणार हो बाई?" दुसऱ्या दिवशी एक नख गुलाबी, एक पिवळं, अशी दहा नखं घेऊन हजर! घाणेरी. कुंपणावरची घाणेरी! "देवाला चालत नाही ती," म्हणाल्या, "मला चालते." मी कपाळाला हात लावला.

शाळेतले गुरुजी टोमणे मारायचेच. तेरड्याच्या दिवसांत कुणीतरी हमखास म्हणायचं, "काय नेनेबाई, तेरड्याचा रंग तीन दिवस!" त्या वर न बघता उत्तर द्यायच्या, "तीन तर तीन. तुमच्याकडे तेवढाही नाही."

कारण विचारायला मला दोन वर्षं लागली. मधल्या सुट्टीत दोघी डबा खात होतो. मी धीर करून म्हटलं, "बाई, रागावू नका, पण हे कशासाठी?"

"रागवायचंय काय त्यात? विधवेनं फूल माळायचं नाही, असं मला तेराव्या दिवशी सांगितलं. मी म्हटलं, बरं. आजपर्यंत एक पाकळी माळलेली नाही मी. पण लावायचं नाही असं कोणी म्हणालं नव्हतं. मी फूल माळत नाही सुनंदा, मी लावते." मग भाजीचा घास घेऊन म्हणाल्या, "थोरले दीर खवळले होते पहिल्यांदा. मी म्हटलं, भाऊजी, पोथी काढा आणि नखांचं कुठे लिहिलंय ते दाखवा. त्यांनी काढली हो! तीन दिवस शोधत होते बिचारे."

मी हसावं की घाबरावं या विचारात. त्यांच्या नवऱ्यामागे त्याच दिरांनी त्यांना शिकवलं होतं, घर त्यांचंच, शब्द त्यांचा. त्या माणसाला पोथी काढायला लावायची म्हणजे काय खायचं काम होतं?

"आणि खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "वेणीतलं फूल आपल्याला कुठे दिसतं? ते मागच्या बाईला दिसतं. नखावरचं मला दिसतं."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "नखानं तुटतं तिथे कुऱ्हाड कशाला?" हेडगुरुजींनी रजा नाकारली की हे वाक्य, पोरी भांडल्या की हे वाक्य, आणि मी कुणावर तरी भडकून तणतणत आले की माझ्यासाठी खास हेच वाक्य. मी भडकायचे पुष्कळ. त्या आवाज न चढवता आपलं काम करून घ्यायच्या आणि मला ते कधी जमलं नाही.

रंग त्या मुंबईहून मागवत असतील अशी माझी समजूत होती. एका रविवारी म्हणाल्या, "चल चौकला, सोनकी करून आणू." चौक गावी एस.टी.तून उतरलो. म्हटलं, आता बांगड्यांच्या दुकानात जाणार. बाई हायवे ओलांडून सरळ गॅरेजमध्ये शिरल्या! ट्रकखाली माणसं निजलेली, त्यांचे नुसते पाय बाहेर, जमिनीवर ऑईल, आणि नेनेबाई पातळाच्या निऱ्या उचलून त्यातून वाट काढतायत. मी दारातच खिळले. आत गफूरभाई म्हणून ट्रक रंगवणारा कारागीर होता. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर मोर काढत होता तो. बाईंना बघून ब्रश खाली ठेवून उठलाच.

"आवो बाई. आज कोन्ता फूल?"

बाईंनी ओल्या रुमालात गुंडाळलेली सोनकी काढली. गफूरभाईंनी पत्र्याच्या झाकणावर पिवळा घेतला, काडीनं त्यात थेंबभर हिरवा सोडला.

"हा लिंबू झाला," बाई म्हणाल्या.

"अब देखो."

"आता हळद झाली."

"बाई, तुमी लई त्रास देता," असं म्हणत तो पुन्हा काडी फिरवायला लागला. अर्धा तास हे चाललं. बाहेर ट्रकवाला बोंबलत होता, त्याला पुणं गाठायचं होतं. गफूरभाईंनी मान न वळवता त्याला सुनावलं, "तेरा ट्रक उद्या पन जाईल. फूल उद्या सुकेल."

"बाई, अहो, हा गाड्यांचा रंग आहे!" मी शेवटी ओरडले.

"मग? ऊन, पाऊस आणि खंडाळ्याचा घाट सोसतो तो. माझ्या भांडी घासण्याला काय घाबरतोय?"

बिनरंगी नेलपॉलिशच्या बाटलीत तो रंग थेंबाथेंबानं मिसळून द्यायचा गफूरभाई, आणि पुसायला जरासा थिनरही. एकदा मिश्रण चुकलं आणि पांगारा काही केल्या निघेना. झाडावरचा पांगारा सरला, पळसही सरला, बाईंच्या नखांवर लाल रंग तसाच. बाई इतक्या ओशाळल्या की वर्गात हात पाठीमागे धरून शिकवायला लागल्या. "खोटं बोलल्यासारखं वाटतंय गं," म्हणायच्या. अख्ख्या गावानं नावं ठेवली तेव्हा न लाजलेली बाई रंग शिळा झाला म्हणून लाजत होती! मी बघतच राहिले.

हात त्यांनी आणखी एकदा लपवला, तो शाळाखात्याचे डिपोटीसाहेब तपासणीला आले तेव्हा. हेडगुरुजींनी त्यांच्यापुढे अक्षरशः हात जोडले, "बाई, आजच्या दिवस पदराखाली ठेवा." भाद्रपद होता. साहेब दुसरीच्या वर्गात आले आणि त्यांनी काय विचारावं? "मुलींनो, या महिन्यात डोंगरावर कोणतं फूल फुलतं?"

आणि चाळीस पोरींच्या चाळीस माना एकदम नेनेबाईंच्या पदराकडे वळल्या.

"तिकडे काय बघता? उत्तर द्या."

पहिल्या बाकावरची एक चिमुरडी उठली. "साहेब, बाईंनी हात झाकलाय. मंग आमी कसं सांगनार?"

हेडगुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. मी दाराशी उभी होते. साहेबांनी बाईंना हात बाहेर काढायला सांगितला, आणि पिवळी नखं दिसताच सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "सोनकी!" साहेब आ वासून बघतायत. "आणि दसऱ्याला?" "झेंडू!" "आणि उन्हाळ्यात?" पोरींनी बारा महिने धाडधाड म्हणून दाखवले. साहेबांनी शेरेबुकात निसर्गज्ञान उत्तम म्हणून लिहिलं, आणि जाताना बाईंच्या नखांकडे पुन्हा एकदा असं बघितलं, जणू आपण स्वप्नात तर नाही ना याची खात्री करून घेतायत.

पण मला सगळ्यात मोठा हादरा बसला तो माझ्याच घरी. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी दहा वर्षांची होते, तेव्हापासून घरात जुनं काही राहिलं नव्हतं, पण गाव तर तेच होतं. बाजारपेठेतली माणसं आमच्या घरी पाणी प्यायला मागायची नाहीत. नेनेबाई एका दुपारी माझ्याबरोबर भिसेगावला आल्या. माझ्या आईनं दारातच विचारलं, "तुमी खाल काय आमच्याकडं?" तोंडावर! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"वाढाल तर खाईन," नेनेबाई म्हणाल्या आणि पाटावर बसल्या. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं मागून मागून खाल्लं.

आई समोर बसून त्यांची नखं निरखत होती. माझे वडीलही तेव्हा गेलेले होते, पण आईच्या अंबाड्यात अबोलीचा तुरा असायचाच. नेनेबाईंची नजर त्या तुऱ्यावर आणि आईची नखांवर.

"फूल माळत नाय, आनि नखं रंगवतेस. ह्ये कसं गं बाई?"

"माळायचं नाही म्हणतात ना."

"कोन म्हनतं?"

नेनेबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच पानात ठेवला.

"आमाला बी म्हातारी सांगायची असलं कायबाय," आई म्हणाली. "पन आमी देव सुदीक नदीत सोडलं गं. देव सोडलं, मंग ह्या रीती कशाला ठेवतोय?" आणि आईनं अंबाड्यातला तुरा काढून त्यांच्यापुढे धरला!

"आई!" मी किंचाळलेच.

नेनेबाईंनी तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आणि हळूच परत आईच्या हातात ठेवला. "तुमच्याएवढी छाती नाही हो माझी. मुलीचं लग्न व्हायचंय. तिच्या डोक्यावर एकदा, समोर उभं राहून, माझ्या हातानं अक्षता टाकायच्यात मला. विधवा आईला आतल्या खोलीत बसवतात आमच्यात. मला आत बसायचं नाही. तेवढं एक झालं की मग जगाला काय म्हणायचं ते म्हणू दे." आई नुसती "हं" म्हणाली आणि त्यांच्या पानात आणखी बिरडं वाढलं.

त्यांची शैला बी.ए. झाली आणि मार्गशीर्षात पेणची मंडळी तिला बघायला आली. मी पोहे करायला मदतीला गेले होते. मुलाची आई चांगली उंचनिंच, ठसठशीत बाई. ती शैलाकडे बघेचना! पूर्ण वेळ नेनेबाईंच्या हाताकडे एकटक. बाईंची नखं तेव्हा कोरांटीच्या जांभळट रंगाची होती. थोरले दीर घामाघूम झाले. पाहुण्यांची पाठ वळताच म्हणाले, "हे स्थळ मोडलं तर तुमच्या नखांनी मोडलं म्हणून समजा."

मोडलं नाही. आठ दिवसांत होकार आला. वैशाखातली तारीख ठरली. बहाव्याचे दिवस! नेनेबाई लागोपाठ चार रविवार चौकला गेल्या. गफूरभाईंनी असा बहावा करून दिला की बाटली उजेडात धरली की झाडाखाली उभं राहिल्यासारखं वाटावं. जूनमध्ये माझी खालापूरच्या शाळेत बदली व्हायची होती, तेव्हा तो आमच्या सोबतीचा शेवटचा रंग.

लग्नाआधी दोन दिवस मी रुखवताची मदत करायला गेले. बाईंनी नुकता एका बोटाला बहावा लावून बघितला होता. शैला आली, समोर बसली आणि खाली बघत म्हणाली, "आई, एवढं पूस ना गं. माझ्या लग्नापुरतं. काका म्हणतात, तिकडची माणसं नावं ठेवतील."

मी नखशिखांत हादरले. परक्यांनी म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण पोटच्या पोरीनंच आईच्या गळ्याला नख लावलं, तिथे काय बोलणार! नेनेबाईंनी थिनर घेतला, बोळा भिजवला आणि ते एक नख पुसलं. आणि मी त्यांची दहाही नखं पहिल्यांदा उघडी पाहिली. पातळ, पिवळट, उभ्या रेघा पडलेली. म्हाताऱ्या बाईची असावीत तशी.

शैला आत गेल्यावर मी फुटले. "दिरांना पोथी काढायला लावलीत ना तुम्ही? गावाला पुरून उरलात, आणि आता एका वाक्यात पुसलीत?"

"हळू बोल. भाऊजींनी शब्द दिलाय. नखं पुसलीत तर मांडवात उभं राहा म्हणालेत." त्यांनी बाटलीचं बूच घट्ट लावलं. "नखं काय, परत रंगतील. शैला परत बोहल्यावर उभी राहायची नाही."

मग त्यांनी माझा हात ओढला. "तू लाव हा. चार रविवारांचं काम आहे गफूरभाईंचं, वाया नको जायला."

"मी? मी नखं रंगवू?" पण त्या ऐकतायत कुठे! दहाच्या दहा नखं रंगवली माझी आणि बाटली माझ्या पर्समध्ये टाकली. "एखादं खरवडलं तर वर हात फिरव," म्हणाल्या. मी भिसेगावपर्यंत पदरात हात लपवून गेले.

दहिवलीला मांडव होता. मी पोचले, तर नेनेबाई चुलीपाशी. दीर म्हणाले होते, "दुधाकडे जरा बघा, मंगलाष्टकं सुरू झाली की बोलावतो." पांढरं पातळ, कोरं कपाळ, कोरी नखं. तिकडच्या बायका येत होत्या, जात होत्या, आणि त्यांच्याकडे न बघता सांगत होत्या, "बाई, दोन कप बिनसाखरेचा." "बाई, पोराला कोमट पाणी." आणि नेनेबाई देत होत्या! एक जण तर चहाचा घोट घेऊन म्हणाली, "हात चांगला आहे हो तुमचा. आमच्याकडे मुंजीला याल का स्वयंपाकाला?"

मुलीच्या आईला! माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नेनेबाईंनी माझं मनगट दाबलं. "गप्प बस. आता बोलावतील." बाहेर सनई चालू होती आणि कोणी बोलावत नव्हतं.

तेवढ्यात शालू सळसळवत वरमाई आत आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "विहीणबाई! इथे लपलात होय! मघापासून मी मांडवात बायकांचे हात बघत फिरतेय!"

मला घेरी यायची बाकी होती. "मी नव्हे हो! मी शाळेतली—"

"असं कसं? नखं तर हीच—" त्यांनी मान वर करून माझं तोंड पाहिलं, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. मुलगी बघायच्या दिवशी त्यांनी नेनेबाईंचा चेहरा पाहिलाच नव्हता! मी चुलीकडे बोट दाखवलं. वरमाईंचा चेहरा खर्रकन उतरला. थोड्या वेळापूर्वी त्यांनी स्वतःच दारातून हाक मारली होती, "अहो स्वयंपाकीणबाई, गरम पाणी द्या."

"मला वाटलं... तुम्ही म्हणजे..." त्यांना पुढे बोलवेना. मग एकदम म्हणाल्या, "अहो, तो कोरांटीचा रंग! मी घरी जाऊन यांना सांगितलं, जिला कोरांटी एवढी बरोबर ओळखता येते तिची मुलगी आपल्या घरात आणायची. आणि तुम्ही पुसलीत? कोणी सांगितलं पुसायला?"

शेजारच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत शैला गौरीहरापाशी बसली होती. ती उठली. हातातले तांदूळ तिथेच टाकून उठली! "अगो, गौरीहरावरून उठली!" बायकांमध्ये एकच कल्ला. पिवळी साडी, मुंडावळ्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि माझ्यापुढे हात पसरून म्हणते, "सुनंदाताई, बाटली आहे ना तुमच्याकडे?"

मी पर्स अक्षरशः उपडी केली.

ती नवरी मुलगी चुलीपाशी फरशीवर बसली, आईचा उजवा हात मांडीवर घेतला आणि बहावा लावायला लागली. नेनेबाई म्हणतायत, "शैला, उठ गं, मुहूर्त," आणि हात काही काढून घेत नाहीत. अर्धा रंग कातडीवर जात होता. मामा दारात येऊन ओरडले, "पाच मिनिटं राहिली!" वरमाई दार अडवून उभ्या राहिल्या. "थांबा हो जरा. मुलाकडची मीच आहे."

पाच नखं झाली आणि मामांनी शैलाला हाताला धरून नेलंच. डावा हात कोराच राहिला.

नेनेबाई तिच्यामागून निघाल्या. उजवा हात खांद्याच्या वर, बोटं फाकवलेली, रंग ओला. अर्ध्या मांडवाला वाटलं बाई आशीर्वाद देतायत. उरलेल्या अर्ध्याला काय वाटलं ते त्यांच्या वासलेल्या तोंडांवरून दिसत होतं. थोरले दीर अंतरपाटाशी उभे होते. ते एक पाऊल पुढे आले, मग वरमाईंकडे बघून तिथेच थबकले. नेनेबाई त्यांच्यासमोरून गेल्या आणि लेकीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"सावधान" आलं. सगळ्यांचे उजवे हात वर गेले. नेनेबाईंनी डाव्या मुठीत अक्षता घेतल्या होत्या.

गुरुजी मंगलाष्टक अर्ध्यात तोडून ओरडले, "अहो बाई, डाव्यानं नको! उजव्या हातानं, उजव्या!"

"उजवा ओला आहे हो, गुरुजी," नेनेबाई म्हणाल्या, आणि डाव्या हातानं त्यांनी मूठभर अक्षता लेकीच्या डोक्यावर टाकल्या.